भाड्यातला वाटा

1998 च्या नोव्हेंबरात बदलीचा हुकूम घेऊन मी चंदीगडला उतरलो. हे शहर आधी कागदावर वसले आणि मग जमिनीवर. कोर्बुझिएच्या सहकाऱ्यांनी सरकारी घरांचे प्रकारदेखील हुद्दा आणि पगार पाहून आखले होते. मंत्र्याचे वेगळे, कारकुनाचे वेगळे, शिपायाचे वेगळे. माझ्या वाट्याचे घर मात्र प्रतीक्षायादीत होते, आणि घर नाही म्हणून घरभाडे भत्ता.

सेक्टर 22 मध्ये एक बरसाती मिळाली. पाऊस आला की गच्चीवरची अंथरुणे आत ओढण्यासाठी बांधलेली ही खोली. तिथे माणसे बारमाही राहू लागली ती आमच्यासारख्यांच्या गरजेने. भाडे अठराशे. एक मल्याळी सहकारी आणि मी निम्मेनिम्मे देत असू. घरमालकिणीला सारे बीजी म्हणत. फाळणीत लायलपूरहून आलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. पावती ती एकाच नावाने देई, सहकाऱ्याच्या. "चूल एक, तर पावतीही एक," असा तिचा न्याय.

त्याने माझे अडले नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर, 1997 पासून, भत्त्यासाठी केंद्रीय कर्मचाऱ्याला पावती दाखवावी लागत नसे. आपण भाड्यापोटी काही खर्च करतो किंवा भाड्यात वाटा उचलतो, एवढा दाखला स्वतःच्या सहीने दिला की पुरे. (प्राप्तिकराचा हिशेब निराळा, तो इथे नको.) वाटा उचलणे! सरकारी कागदात इतका घरगुती शब्द मला दुसरा आढळलेला नाही.

एप्रिलात सहकाऱ्याची बदली झाली. एकट्याला अठराशे परवडेनात. एका स्नेह्याला कामाच्या स्वरूपामुळे बिनभाड्याचे सरकारी घर होते. त्याने बोलावले, मी गेलो. अशा घरात जो दुसरा कर्मचारी भागीने राहतो त्याचा भत्ता थांबतो. हा नियम मला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही, कारण हीच बिले तपासणे माझे काम होते. तरी मी कळवले नाही. जुना दाखला फायलीत होता, तो तसाच बोलत राहिला. स्नेह्याकडे मी वाणसामान भरी आणि हाच आपला 'वाटा' अशी मनाची समजूत घाली. वाईला धाकटीची डी.एड.ची फी त्या पैशांतून जात होती.

जुलैत एका तरुण कारकुनाचे बिल टेबलावर आले. वडिलांना मिळालेल्या सरकारी घरात तो राही आणि भत्ता घेई. नियमाने तोही अपात्र. मी हरकत लिहू लागलो. अर्धे वाक्य झाले आणि लेखणी थांबली. शेजारच्याने विचारले, "शाई संपली का?" मी हो म्हटले.

ती हरकत मी पुरी केली. मग दुसरा कागद घेऊन स्वतःविरुद्ध चार ओळी लिहिल्या. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी रागावलेही नाही. तीन महिन्यांची वसुली तीन हप्त्यांत झाली. त्या कारकुनाने पुढे वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. वाईला फीसाठी आईची पाटली गेली. ती पुन्हा झाली नाही.

ऑगस्टात बीजीकडे गेलो. बरसाती रिकामीच होती. का सोडून गेलो होतो ते सांगितले तेव्हा ती ट्रंकेतून एक पिवळे पुडके घेऊन आली. 1950 च्या कायद्याने निर्वासितांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासले गेले, त्या वेळचे कागद. सासऱ्यांनी लायलपूरच्या घराच्या अकरा खोल्या लिहिल्या होत्या.

"होत्या नऊ," ती म्हणाली. "सगळेच वाढवून लिहीत होते, पुत्तर. मिळताना कमीच मिळणार, हे ठाऊक होते."

मला काय बोलावे कळेना. तिच्या स्वरात पश्चात्ताप नव्हता, समर्थनही नव्हते. कागद पुन्हा बांधताना ती एकेका खोलीचे नाव घेत होती: दाण्याची, सासूची, बाळंतिणीची. नऊ झाल्या, तशी ती थांबली.

मग तिने पावतीपुस्तक काढले. दुसरा भागीदार मिळेपर्यंत निम्मेच घेईन म्हणाली. नऊशे रुपयांची पावती, रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट, त्यावर तिरकी सही. नावाच्या जागी माझे नाव तिने मला दोनदा विचारून लिहिले.