कोमार्कची गढी

किल्ला म्हटला म्हणजे तो कोणा एका गृहस्थाच्या मालकीचा असेल, ही कल्पना मराठी मनास सहसा शिवत नाही. राजगड कोणाचा, असे कोणी पुसल्यास ‘आपणां सर्वांचा’ हेच उत्तर तोंडी येते. फ्रान्समध्ये मात्र मध्ययुगातील पुष्कळ किल्ले व गढ्या अद्यापि खासगी मालकीच्या आहेत. देशाच्या इतिहासावर एका घराण्याचे नाव लागावे, हे प्रथमदर्शनी खटकते. नैर्ऋत्य फ्रान्सच्या पेरिगोर प्रांतातील कोमार्कची गढी पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा हाच विचार मनात घोळत होता.

झाडीतून जाणारी पाऊलवाट संपताच कातळावर उभा असलेला बालेकिल्ल्याचा उंच बुरूज दृष्टीस पडतो. गढीचा आरंभ बाराव्या शतकातला. एकाच तटाच्या आत निरनिराळ्या सरदार घराण्यांचे वाडे होते. कोमार्क व बेनाक ही त्यांतलीच. आज त्या वाड्यांवर छप्पर नाही. मजल्यांच्या तक्तपोशी नाहीशा झाल्यामुळे शेगड्यांची कोनाडी भिंतींत अधांतरी राहिली आहेत. खाली कातळाच्या पोटात कोरलेल्या खोल्या आहेत. आणि त्याच कातळातील एका गुहेत हिमयुगातील मानवाने कोरलेले घोड्याचे मस्तक आहे. ही गुहा प्रवाशांस उघडी नाही, आणि ते योग्यच होय.

वस्ती उठल्यावर गढीचा कबजा रानाने घेतला. १९६८ साली ह्युबेर द कोमार्क या त्याच नावाच्या गृहस्थांनी ते अवशेष विकत घेतले. पडलेले वाडे पुन्हा नवे करून मिरवण्याचा मोह येथे दिसत नाही. जे उभे आहे ते ढासळू नये, एवढ्यासाठीच सारी खटपट. शिवाय फ्रेंच कायद्यान्वये, संरक्षित ठरलेल्या वास्तूत मालकासही सरकारच्या संमतीवाचून फेरफार करता येत नाही. मग मालकाच्या पदरी उरले काय? राहता येत नाही, मनासारखे बांधता येत नाही. दरसाल चुना, दगड आणि गवंडी यांची चिंता तेवढी वाहावयाची!

येथे आम्हांस आपल्याकडील वाडे आठवले. कागदावर वीस वारसांची नावे, आणि पावसाळ्यात गळती काढावयास एकही पुढे येत नाही. ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘कोणाचेच नाही’ असा होतो, हे आपण जाणतो. पण बोलत नाही. म्हणून सारे किल्ले खासगी करावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एका माणसाच्या निष्ठेस त्याच्या आयुष्याची मर्यादा असते, आणि पुढचा वारस कसा निघेल याची हमी कोणताच कायदा देत नाही. परंतु कोमार्कच्या त्या उघड्या भिंतींपाशी मालकीचा प्रश्न आम्हांस निराळा दिसू लागला: नाव कोणाचे, हे दप्तर सांगेल, निखळता दगड वेळीच कोण बसवितो, यावरून खरा धनी ओळखावा.