सतरा मिनिटांचा उजेड

पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात मी एकदाच उभा राहिलो आहे. काही वर्षांपूर्वी आयर्लंडला जाणं झालं, तेव्हा डब्लिनच्या उत्तरेला असलेलं न्यूग्रेंज पाहायला गेलो होतो. बॉइन नदीच्या वळणात, हिरव्यागार उंचवट्यावर एक भलामोठा गोल ढिगारा. व्यास सुमारे 85 मीटर. पायथ्याशी 97 प्रचंड दगड ओळीने आडवे लावलेले, काहींवर वेटोळ्यांची नक्षी. इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमारास नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी हे बांधलं. गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा अजून सहाएकशे वर्षं दूर होता.

आत जायला 19 मीटर लांबीची दगडी वाट. अंग चोरूनच जावं लागतं. शेवटी एक खोली. तिचं छत एकावर एक दगड पुढे सरकवत रचलेलं, सहा मीटर उंच. चुना वापरलेला नाही, तरी खोली कोरडी! दरवर्षी मिरगापूर्वी कौलं शाकारूनही घरात बालद्या मांडणारा मी गोंयकार. मान वर करून बघतच राहिलो.

मधल्या काळात ढिगाऱ्याचं तोंड बुजून गेलं होतं. 1699 मध्ये जमीनमालकाचे मजूर इथले दगड काढत असताना ते पुन्हा सापडलं. मात्र शास्त्रशुद्ध उत्खनन व्हायला 1962 साल उजाडलं. कॉर्कच्या विद्यापीठातले प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी 1975 पर्यंत ते केलं. जळलेली आणि न जळलेली मानवी हाडं सापडली. दारावर, छताच्या वर, एक चौकोनी झरोकाही सापडला. तो कशासाठी, हे कळेना.

आसपासचे लोक मात्र ओ'केलींना सांगत, वर्षातल्या एका दिवशी सूर्य आतपर्यंत येतो. स्वतः पाहिलेला कुणी नव्हता. ऐकलेलं सगळ्यांनी. ओ'केलींना आधी वाटलं, इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या उन्हाळी सूर्योदयाची गोष्ट लोकांनी इथे चिकटवली असावी. पण त्यांनी ती हसून सोडून दिली नाही. वाटेचं तोंड आग्नेयेला. म्हणजे उन्हाळ्यातला सूर्य शक्य नाही, हिवाळ्यातला?

21 डिसेंबर 1967 रोजी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एका पहाटे, ते काळोखात एकटेच आत जाऊन थांबले. सूर्य वर आला आणि झरोक्यातून उजेडाची बारीक रेघ थेट खोलीत शिरली. हळूहळू रुंद झाली. सतरा मिनिटांनी गेली.

आम्हा पर्यटकांना तो उजेड विजेच्या दिव्याने दाखवतात. गाईडने सगळे दिवे मालवले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आणि मला त्या परक्या मुलखात माझी आजी आठवली.

आमच्या कुळागरात एक उभा दगड आहे. आजी त्याला राखणदार म्हणायची, नारळ ठेवायची. 'पूर्वीच्या मनशांनी हो फातर...' अशी सुरुवात करून ती एकदा काहीतरी सांगू लागली होती. मी कॉलेजात नुकताच विज्ञान शिकू लागलेला. 'आजये, पुरो!' म्हणून हसलो. ती गप्प राहिली. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

ती जे सांगणार होती ते खरं असेलच, असं मी म्हणत नाही. आमचा दगड कदाचित हद्दीचा साधा दगड असेल. पण ओ'केलींनी ऐकलं आणि तपासलं. मी ऐकलंसुद्धा नाही. आपल्या रिवणजवळच्या पणसायमळची कातळचित्रंही 1993 मध्ये स्थानिकांनी सांगितल्यामुळेच पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोहोचली. कुशावतीच्या काठी त्या जांभ्या दगडावरही वेटोळी आहेत!

दगड अजून आहे. दर चवथीला गावी गेलो की मी नारळ ठेवतो. विचारायला मात्र आता घरात कुणी उरलेलं नाही. तुमच्या घरात कुणी असेल, तर यंदा थोडा वेळ काढून त्यांच्यापाशी बसा. आणि मध्ये बोलू नका.