भेटले म्हणजे कट केला?

प्रिय छोटी,

रागावलीस ना? फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. "आत्या, दोघं भेटत होते, फोनवर बोलत होते, घटनेनंतर पळाले. वागणुकीवरून कट दिसतोच की!" तुझ्या खटल्यातल्या आरोपींबद्दल एवढंच तू म्हणालीस आणि मी जेवण सोडून उलटतपासणीला बसले. घरात आल्यावर तरी कोट उतरव, असं तुझे बाबा मला उगाच म्हणत नाहीत.

पण अर्धं तू बरोबर बोललीस गं. कट काही कुणी स्टॅम्पपेपरवर करत नाही. माफीचा साक्षीदार मिळाला नाही, तर कोर्टापुढे बहुतेकदा वागणूकच उरते. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला घे. तिथे माफीचे साक्षीदार, कबुलीजबाब होतेच, पण वागणूक बघ. दिघी आणि शेखाडीला माल उतरला, पोरं दुबईमार्गे पाकिस्तानात प्रशिक्षणाला गेली, 11 मार्चच्या रात्री माहीमच्या अल-हुसैनीत गाड्यांमध्ये आरडीएक्स भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी 257 माणसं गेली. एकेक कृती पुढच्या कृतीत अडकलेली. ठरल्याचा कागद तिथे कोण मागणार? त्याच खटल्यातल्या याकूब मेमनला 30 जुलै 2015 ला आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जेलात फाशी झाली.

पण त्याच जेलात प्रा. साईबाबाही होते, चाकाच्या खुर्चीत. त्यांना कशी विसरलीस? गडचिरोलीच्या सेशन कोर्टानं 7 मार्च 2017 ला माओवाद्यांशी संबंधाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप दिली, आरोपांत कटाचं कलम 120-ब होतंच. 5 मार्च 2024 ला आपल्या नागपूर खंडपीठानं त्यांच्यासह सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. यूएपीएची मंजुरी वैध ठरली नाही, जप्ती टिकली नाही. आणि नक्षली विचारांचं साहित्य नुसतं डाउनलोड केलं म्हणून गुन्हा होत नाही, प्रत्यक्ष कृत्याशी संबंध दाखवावा लागतो, असं कोर्टानं म्हटलं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला साईबाबा गेले. त्यांचा सहआरोपी पांडू नरोटे तर 2022 मध्येच, कैदेत असताना गेला. त्याला निर्दोष ठरल्याचं कोण सांगणार?

तुला सनद मिळाली तेव्हा शरद सारडा खटल्याचा 1984 चा निकाल दिला होता, "पेढे कुठायत?" म्हणून हसली होतीस. उघडलास का कधी? परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी दोषी आहे याखेरीज दुसरा अर्थ तिच्यातून निघता कामा नये. पोलिसांच्या धाकानं निर्दोष माणूसही पळतो, बाई. आणि पुरावा कायद्याचं जुनं कलम 10? एकाची कृती दुसऱ्याविरुद्ध वापरता येते, पण आधी कट होता असं मानायला वाजवी आधार हवा. कट संपल्यावर कुणी काय बोललं, ते त्यात बसत नाही. आता न्याय संहितेत 120-ब चं 61 झालं. सिद्ध करण्याचं ओझं मात्र तुम्हा सरकारी पक्षाच्याच डोक्यावर राहिलं.

"आणि मेलेल्याच्या घरच्यांचं काय?" असं विचारून तू उठून गेलीस. आमच्या, बचावाच्या बाकावर हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तू विचारलास, बरं वाटलं. पण सैल बांधलेला खटला अपिलात सुटतो, तेव्हा त्या घरच्यांना दुसऱ्यांदा कोण मारतं?

आरोपपत्र पुन्हा काढ. प्रत्येक भेटीपुढे, प्रत्येक फोनपुढे समासात लिही, याचा सरळ, निर्दोष अर्थ काय? लिहायला काहीच सुचलं नाही, तर खुशाल कट म्हण. सुचलं, तर तुझ्या सरकारी वकील साहेबांना तसं तोंडावर सांग. माझ्याशी भांडतेस तेवढ्याच जोरात.

तुझी,
आत्या