तुर्भ्याचा पिवळा दिवा

दिवाळी तोंडावर आली की लोक महाबळेश्वराचे नाही तर कोकणाचे बेत आखू लागतात. गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस असताना मी मात्र तुर्भ्याला गेलो. आणि तोही भाच्याच्या मालवाहू पिकअपमध्ये, त्याच्या शेजारी बसून. तुर्भे हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. पण त्या एका दिवसात मी जे पाहिले, ते थंड हवेच्या ठिकाणी खात्रीने पाहायला मिळाले नसते.

नवी मुंबई आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिलेली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर या शहराची आखणी सुरू झाली. १९७३ साली खाडीवर पूल आला, १९९२ साली लोकल वाशीला पोचली आणि १९९६ साली मुंबईचा घाऊक भाजीपाल्याचा व फळांचा बाजार इकडे आला. त्याला सारे ‘वाशी मार्केट’ म्हणतात, पण तो पसरला आहे तुर्भ्याच्या अंगाला. पहाटेपासून गाड्यांची रीघ. जिथे इतकी चाके, तिथे ती दुरुस्त करणारे हातही असायचेच. ट्रक टर्मिनलच्या आसपास अशा गॅरेजांची एक वस्तीच आहे.

भाचा तेथल्या दाणाबाजारातून पोहे, रवा, डाळी भरतो आणि महाप्यावरून शीळफाट्यामार्गे डोंबिवलीच्या दुकानदारांना पोचवतो. गाडी सीएनजीवर चालणारी, कर्जाने घेतलेली. फराळाचे दिवस म्हणजे त्याचा सुगीचा हंगाम. आणि नेमक्या त्याच वेळी शीळच्या चढावर गाडी आचके देऊ लागली, तर समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

“मामा, गाडी मिसिंग मारतेय,” तो म्हणाला. म्हणजे चार सिलिंडरांपैकी एखादा आपला ठोका चुकवतो. आधीच्या एका गॅरेजवाल्याने यंत्र लावून दिवा तेवढा पुसून दिला होता. दोन दिवसांनी तो पुन्हा लागला. “दिवाळीपर्यंत असाच पुसत राहू, मग बघू,” असा भाच्याचा विचार. पण त्या सकाळी दिवा चढावर नुसता लागला नाही, उघडझाप करू लागला, तेव्हा मीच म्हटले, “आधी कुणा जाणत्याला दाखव.”

जाणता भेटला. साठीच्या घरातले मिस्त्री, मूळचे सातारकडचे. दिवा उघडझाप करीत होता हे ऐकताच त्यांनी गाडी बंद करायला लावली. “दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणावी. उघडझाप करू लागला की बाजूला घ्यावी. न जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात जाऊन पेटतो. तो डबा वितळला, तर तुझी अख्खी दिवाळी त्यात जाईल, बाळा.”

हा दिवा मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातल्या धुराला कंटाळून तेथल्या सरकारने गाड्यांना स्वतःची नाडी स्वतःच पाहायला लावली. १९९६ पासून तेथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ही व्यवस्था एकसारखी सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. युक्ती साधी आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक धक्का मिळतो. एखादा पेटला नाही, तर क्रँक क्षणभर मंदावतो. तेवढी मंदी यंत्र टिपते आणि दिवा लावते.

मिस्त्रींनी हातभर वायरीचा स्कॅनर जोडला. पडद्यावर आकडा आला : पी ०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. भाचा म्हणाला, “मग दोन नंबरची कॉइल बदला.”

“यंत्राने घर दाखवलं, चोर नाही दाखवला,” मिस्त्री म्हणाले. “प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाही तर कॉम्प्रेशन गेलं असेल.”

मग त्यांनी जे केले, त्याला एक पैसाही लागला नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर बसवली, तीनची दोनवर. आकडा पुसला आणि गाडी चालवून आणली. आता पडद्यावर आले : पी ०३०३. दुखणे कॉइलबरोबर सरकले, चोर सापडला.

मला वाटले, झाले काम. पण मिस्त्री नवी कॉइल बसवीनात. बॅटरीच्या उजेडात ते दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात पाहत राहिले. कडेला गंज, तळाशी ओल. कॉइलची रबरी टोपी आतून एका रेषेत जळलेली. ठिणगी प्लगऐवजी तिथून बाहेर पळत होती. त्यांनी मान वर केली.

“दसऱ्याला इंजिन धुतलंस का रे? प्रेशरच्या पाण्याने?”

भाचा ओशाळला. धुतले होते, चांगले चकचकीत करून! खंडेनवमीला पूजा, हार, नारळ सारे यथासांग झाले होते. त्या भक्तीचेच पाणी प्लगच्या खड्ड्यात उतरून बसले होते. त्यात प्लग जुने; सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, म्हणून झिजलेला प्लग तिथे लवकर हात टेकतो. ओल न काढता नवी कॉइल बसवली असती, तर तीही जळाली असती.

हवेच्या नळीने खड्डा कोरडा झाला. एक कॉइल आणि चारही प्लग नवे बसले. इंजिन सुरू झाले, तेव्हा मिस्त्रींनी स्कॅनरकडे पाहण्याआधी डोळे मिटून आवाज ऐकला. पूर्वी ते एकेका प्लगची वायर काढून कानानेच दोष शोधीत. “यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला विचारावं लागतं,” एवढेच ते म्हणाले, आणि हात पुसून त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी पोह्यांची पोती भरून आम्ही शीळचा चढ चढलो. गाडी हूं की चूं न करता वर गेली. दिवा पुसणे आणि दुखणे काढणे यांतले अंतर मला तुर्भ्यात कळले. घरात एखादे माणूस गप्पगप्प असले, तर आपण त्याला हसवून वेळ मारून नेतो. ते गप्प का, हे विचारायचे राहूनच जाते.

यंदाच्या दसऱ्याला भाच्याने इंजिन ओल्या फडक्याने पुसले, हार घातला आणि नारळ मात्र चार पावले दूर नेऊन फोडला.