जांभळा रंग

१८ जानेवारी, अमावास्या
कुणकेश्वर. संध्याकाळच्या ओहोटीला कातळ उघडे पडले. सरगॅसमचे तपकिरी झुबके दगडावर आडवे पडलेले. मिरीएवढ्या हवेच्या पिशव्या बोटाखाली पटकन फुटतात. भरतीला त्यांच्याच जोरावर हे शेवाळ उभं राहतं. ऊन असह्य झालं तरी शेवाळाला जागा सोडता येत नाही. झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला की पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू होतात. त्यांना आवरायला फ्लोरोटॅनिनं, कॅरोटिनॉइडं लागतात. मुळापासून उपटलं नाही, कात्रीने वरचं तेवढंच कापलं.

१९ जानेवारी
धुताना वाळू आणि इवल्या गोगलगायी निघाल्या. एक फांदी उकळत्या पाण्यात टाकली, क्षणात हिरवीगार! फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचं प्रथिनाशी असलेलं नातं तुटलं की दडलेलं हरितद्रव्य दिसू लागतं. आई म्हणाली, "गो, ह्येची भाजी होतली?" नको म्हटलं. जपानी हिजिकी याच जातकुळीतली, आणि तिच्यात असेंद्रिय आर्सेनिक भरपूर असतं. बाकीचं सावलीत वाळत घातलं.

३० जानेवारी
अँटिऑक्सिडंटची परीक्षा: डीपीपीएचच्या गडद जांभळ्या द्रावणात वाळलेल्या शेवाळाच्या अर्काचे थेंब टाकले. रंग ओसरत पिवळा झाला. छान वाटलं, पण डीपीपीएचचा रेणू शरीरात नसतोच, परीक्षा नळीपुरतीच.

५ फेब्रुवारी
आज कातडीच्या पेशी. चोवीस तास अर्कात ठेवल्या, मग हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं. इथे जांभळा रंग हवा असतो: एमटीटी या पिवळ्या रसायनाला जिवंत पेशीच जांभळं करतात. अर्कवाल्या प्लेटमध्ये रंग भरून आला. मग दुसऱ्या प्लेटमधला अर्क धुऊन काढला आणि त्यानंतर पेरॉक्साइड दिलं. रंग फिका. म्हणजे बराचसा बचाव पेशीच्या बाहेरच, पेरॉक्साइड आत शिरण्याआधीच झाला होता. हे नोंदवहीत ठळक लिहिलं. पहिल्या प्लेटचा फोटो एकटा दाखवणं म्हणजे खोटं बोलणं.

१२ फेब्रुवारी
मावशीचा फोन. समुद्रशैवालाच्या कॅप्सूलची जाहिरात आली आहे, "पेशी तरुण राहतात" म्हणे. ती थायरॉईडची गोळी घेते. मी तिला फिनलंडच्या चाचणीचं सांगितलं: २९,१३३ पुरुष धूम्रपान करणारे, त्यातल्या काहींना रोज बीटा-कॅरोटिन. ते अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. शरीर म्हणजे माझी नळी नव्हे. फ्लोरोटॅनिनं आतड्यातून रक्तात जेमतेमच पोचतात. तपकिरी शेवाळातलं आयोडीन मात्र बरंचसं पोचतं.

"मग गो, घेऊ का नको?"

"नको, मावशी. आणि आधीच घेतली असशील, तर उद्याच डॉक्टरांना सांग."