परमिट रूम आणि पेटता प्याला

मालेगावात ‘हॉटेल’ या शब्दाचा रूढ अर्थ मुक्कामाची जागा असा नसून चहाचे दुकान असा आहे. यंत्रमागांच्या पाळ्या रात्रीही चालत असल्यामुळे तेथील हॉटेले उशिरापर्यंत जागी असतात, आणि अशा हॉटेलांच्या बाकांवर वाढलेला प्रस्तुत लेखक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दोन रात्री राहिला, तेव्हा त्याचे लक्ष ऐश्वर्यापेक्षा शब्दांकडेच अधिक गेले.

जमशेटजी टाटांनी उभारलेली ही वास्तू १६ डिसेंबर १९०३ रोजी खुली झाली. समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाले. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा असून पुढील काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले. तरीही, वास्तू उलटी बांधली गेल्यामुळे परदेशी वास्तुविशारदाने जीव दिला ही निराधार दंतकथा अजून सांगितली जाते आणि वैद्यांचे नाव तिच्याखाली दडते, याची खंत लेखकाला मधल्या जिन्यावर थांबल्यावर तीव्रतेने जाणवली. दुसरा दिवस खिडकीतून पाऊस व बोटी पाहण्यात गेला.

मुक्कामाचे सार्थक मात्र हार्बर बारमधील एका संध्याकाळी झाले. १९३३ साली सुरू झालेला हा बार मुंबईतील पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो. ‘फ्रॉम द हार्बर’ हे त्याचे प्रसिद्ध कॉकटेल, म्हणजे मद्यात रस व इतर मद्यार्क मिसळून केलेले पेय, एका अमेरिकी पाहुण्यासाठी तयार झाले आणि त्याच्या देशातील दारूबंदी उठल्याच्या आनंदाशी ते जोडले गेले, अशी कथा तेथे सांगतात. अमेरिकेतील बंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी संपली. ते पेय टेबलाजवळ पेटवले गेले, निळसर ज्योत क्षणभर थरथरली, आणि लिंबूवर्गीय आंबटपणामागून येणारी ऊब लेखकाला मनापासून आवडली. ज्या इंग्रजी ‘पंच’मधून अशा मिश्र पेयांची परंपरा वाढली, तो शब्द पाच घटकांच्या आपल्या ‘पंच’वरून आला असे अनेक अभ्यासक मानतात, हेही तेव्हा आठवले.

पण कुतूहलाने खरी पकड घेतली ती पुढच्या कालक्रमाने. दुसऱ्या देशाच्या बंदीमुक्तीची आठवण जपणारा हा प्याला ज्या शहरात जन्मला, तेथेच मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ लागू झाला आणि मद्यप्राशनासाठी वैयक्तिक परवाना आवश्यक ठरला. पुढे निर्बंध सैल झाले, तरी परवान्याची अट कायद्यात राहिली. आजही एका दिवसाचा परवाना मिळतो. महाराष्ट्रातील गावोगावी बारवर झळकणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्या बंदीचीच खूण होय. आग्रा रोडवरून येताजाता तिच्याकडे केवळ एक नाव म्हणून पाहणाऱ्या लेखकाला तिच्यातील ‘परमिट’ हा शब्द त्या संध्याकाळी प्रथमच पूर्ण अर्थाने वाचता आला, आणि प्याल्यातील बर्फ विरघळेपर्यंत तो समोरच्या काळोख्या बंदराकडे पाहत बसला.