चारशेवी गाडी

आमच्या घरी स्कूटर आली ती एका रात्रीपुरती. वडिलांनी तिच्यासाठी नाव नोंदवले तेव्हा मी दुसरीत होतो आणि नंबर लागला तेव्हा कॉलेजात. परवान्यांच्या त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी आठ-दहा वर्षे थांबणे कुणाला नवलाचे वाटत नसे. ज्याला थांबायचे नसे तो ‘ऑन’ देई, म्हणजे छापील किमतीवर काही हजार मोजून दुसऱ्याची गाडी उचली. नेमक्या त्याच आठवड्यात काकांना मुंबईच्या इस्पितळात दाखल करावे लागले. शस्त्रक्रियेचे पैसे चार दिवसांत भरायचे होते. सकाळी एक व्यापारी आला, पैसे मोजून दिले आणि अंगणातली स्कूटर घेऊन गेला. काका वाचले. पण त्या वर्षी नाताळच्या आधी वडील पापनिवेदनाला गेले, ते नेहमीपेक्षा फार उशिरा बाहेर आले.

हे सारे पुन्हा आठवले ते २०१५ साली वाचलेल्या एका बातमीमुळे. अमेरिकेत माँटेरे येथील लिलावात एक फेरारी गाडी साठ लाख पन्नास हजार डॉलरला विकली गेली होती. तिचे पहिले मानकरी होते पोप जॉन पॉल दुसरे!

या गाडीचे नाव ‘एन्झो’. कंपनीच्या संस्थापकाचेच हे नाव. २००२ ते २००४ या काळात अशा ३९९ गाड्या निघाल्या. किंमत साडेसहा लाख डॉलरच्या आसपास. मात्र खिशात तेवढे पैसे असून भागत नव्हते. कोणाला गाडी द्यायची हे कंपनी ठरवी, आणि कंपनीच्या आधीच्या दुर्मीळ गाड्या ज्यांच्या दारात होत्या त्यांना आधी निमंत्रण जाई. म्हणजे रांग तिथेही होतीच. आमच्या रांगेतली टंचाई परवान्यांनी आणली होती, तिथली मुद्दाम जपलेली. शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली की पुनर्विक्रीचा खरा बाजार सुरू होतो. त्या बाजारात गाडी जितकी कमी चालवलेली तितका तिचा भाव अधिक. ताशी साडेतीनशे किलोमीटर धावू शकणारे हे यंत्र म्हणूनच पुष्कळदा आच्छादनाखाली उभे असते. चालवण्यासाठी न घेतलेल्या वाहनाला वाहन का म्हणावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

घाईने विकणाऱ्यावर कंपन्यांचा रागही असतो. २०१७ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने जॉन सीना या प्रसिद्ध कुस्तीगिराविरुद्ध दावा लावला. दोन वर्षे विकणार नाही या कराराने घेतलेली ‘जीटी’ ही गाडी त्याने काही आठवड्यांतच विकली, अशी तक्रार होती. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ते वाचताना मला आमच्या अंगणातला तो व्यापारी आठवला. या व्यवहारात सगळे एकमेकांना नफेखोर म्हणतात आणि टंचाई निर्माण करणारा मात्र मानाने बाजूला उभा राहतो.

परंतु आपल्याला पाहायची आहे ती चारशेवी गाडी. ३९९ झाल्यावर फेरारीने आणखी एकच बनवली आणि ती पोपमहोदयांना अर्पण केली. ते दिवस त्सुनामीनंतरचे. २६ डिसेंबर २००४, नाताळनंतरचा रविवार. वेलांकणीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी शेकडो यात्रेकरू लाटेने ओढून नेले. आमच्या धर्मग्रामातून दरवर्षी वेलांकणीला माणसे जातात. त्या दिवशी टेलिफोनपाशी बसलेली घरे मी पाहिली आहेत. पोपमहोदयांनी ती गाडी विकून पैसे त्सुनामीग्रस्तांना द्यावेत अशी इच्छा व्यक्त केली. २ एप्रिल २००५ रोजी त्यांचे निधन झाले. २८ जूनला फेरारीच्या मारानेल्लो गावी लिलाव झाला. साडेनऊ लाख युरो आले, त्या वेळचे साडेअकरा लाख डॉलर.

दहा वर्षांनी तीच गाडी पाचपटीहून अधिक किमतीला गेली. मधल्या वाढीतला एक पैसाही त्सुनामीग्रस्तांचा नव्हता. पहिल्या वाचनात मला चुटपुट लागली. थांबले असते तर? आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या पायांवर सुगंधी तेल ओतले तेव्हा, हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असा हिशेब यूदाने मांडला होता. माझा हिशेब त्याच्याही पुढचा: विकावे, पण भाव चढेपर्यंत गरिबांनी थांबावे!

पुढे पोप फ्रान्सिस यांनीही हाच मार्ग धरला. नोव्हेंबर २०१७मध्ये लॅम्बोर्गिनीने दिलेल्या पांढऱ्या ‘हुराकान’वर त्यांनी स्वाक्षरी केली, आशीर्वाद दिला आणि ती लिलावाला पाठवली. मे २०१८मध्ये मोनाको येथे तिचे सात लाख पंधरा हजार युरो आले. त्यांतला मोठा वाटा इराकमधील निनवेच्या मैदानी प्रदेशातल्या ख्रिस्ती कुटुंबांची उद्ध्वस्त घरे उभारण्यासाठी होता. त्या स्वाक्षरीने गाडीचा भाव वाढला हे उघडच आहे. पोपच्या सहीवर धनिकांनी बोली लावावी हे काहींना रुचले नाही. मला त्यात वावगे दिसत नाही. हौसेला मोल द्यायचे ज्यांनी ठरवलेच आहे, त्यांच्या हौसेतून निनवेत एखादे छप्पर उभे राहत असेल तर राहो.

वडील २०१५ साली हयात होते. दृष्टी अधू झाली होती, म्हणून संध्याकाळी मीच त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. चारशेव्या गाडीची हकीकत मी त्यांना पुरी सांगितली. आधीची किंमत, नंतरची किंमत, मधला फरक. आकडे ऐकून ते चकित होतील अशी माझी अपेक्षा होती. आकड्यांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही.

“लाट आली कधी म्हणालास?”

“डिसेंबरात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि पैसे?”

“जूनमध्ये.”

ते थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिले. मग म्हणाले, “सहा महिने. उशीरच झाला म्हणायचा. आम्हांला चारच दिवस होते.”

स्कूटरचा विषय त्यांनी आपणहून काढला तो तेवढ्या एकाच वेळी. “पुढची बातमी वाच,” ते म्हणाले.